कंडक्टर नसलेली गाडी

प्रवासाचे प्रश्न तुमचे, उत्तरं निवृत्त कंडक्टरची. या खेपेला तीन पत्रं आली आणि तिन्ही मेट्रोची. गोव्यात मेट्रो नाही म्हणूनच बहुधा.

प्रश्न : कंडक्टरकाका, डिसेंबरात आम्ही पाच जणं दिल्लीला चाललो आहोत. मी, आमचे हे, सासूबाई (वय ७८), आठवीतली मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मडगावहून गाडी, निजामुद्दीनला उतरणार, लॉज करोल बागेत. भाचा म्हणतो मेट्रोनं फिरा. ह्यांचं म्हणणं, मेट्रोत माणूस हरवतो, टॅक्सीच करू. आमच्यापैकी कुणी मेट्रोत पाय ठेवलेला नाही. सासूबाईंना झेपेल का? मुलाचं अर्धं तिकीट काढायचं का?
– एक शिक्षिका, साखळी

उत्तर : ताई, ह्यांचं अगदीच चूक नाही. मी स्वतः हरवलोय. एकोणतीस वर्षं कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, गाडीवर काढली, आणि लेकीकडे दिल्लीला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी उलट्या दिशेच्या मेट्रोत बसलो. का? तर आपल्याला गाडीची पाटी वाचायची सवयच नाही. आपण गाडी ऐकतो. स्टँडवर कंडक्टर "पणजे, पणजे, पणजे!" करून ओरडतो आणि आपण चढतो. मीच ती सवय लोकांना लावली, आता कुणाला बोलू?

मेट्रोत ओरडणारा कुणी नाही. तेव्हा लाइनीचा रंग बघायचा, पण तेवढ्यावर चढायचं नाही. रंग फक्त रस्ता सांगतो. गाडी कुठल्या बाजूला चाललीय ते कळतं शेवटच्या स्टेशनच्या नावावरून. ते नाव प्लॅटफॉर्मवर लिहिलेलं असतं, गाडीच्या कपाळावरही असतं.

तुमच्याच वाटेचं उदाहरण देतो. पणजीहून जुनं गोवं करत गाडी येते, बाणस्तारीचा पूल ओलांडते आणि मग एक माशेलकडे वळते, एक फोंड्याला जाते. दिल्लीची निळी लाइन हुबेहूब तशी. करोल बागेहून पूर्वेकडे निघाली की यमुनेचा पूल ओलांडते, आणि यमुना बँक स्टेशनानंतर तिला दोन फाटे फुटतात. एक गाडी वैशालीला, दुसरी नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीला. अक्षरधामला जायचं तर नोएडाची हवी. चुकून वैशालीची पकडली तर घाबरू नका, यमुना बँकला उतरा आणि मागची नोएडाची घ्या. पुलाच्या अलीकडेच उतरायचं असेल तेव्हा मात्र दोन्ही चालतात. माशेलची असो की फोंड्याची, जुनं गोवं दोघींच्या वाटेत आहेच ना!

आता निजामुद्दीन. गाडीतून उतरल्यावर सराय काले खांच्या बाजूनं बाहेर पडा. मेट्रो स्टेशनचं नावही सराय काले खां–निजामुद्दीनच आहे, गुलाबी लाइनीवर. तिथून मयूर विहार-१ हे पुढचंच स्टेशन. तिथं उतरून निळी लाइन घ्या, द्वारका सेक्टर २१ कडे जाणारी, आणि करोल बागेपर्यंत बसून राहा. गाडी बदलायची ती एकदाच. या वाटेनं यमुना दोनदा लागते, आधी गुलाबी गाडीतून आणि मग निळीतून, आणि दोन्हींच्या मध्ये अक्षरधाम खिडकीतूनच दिसतं. सासूबाईंना उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्या बघायला सांगा. फक्त डिसेंबरात धुक्यामुळे तिकडच्या गाड्या रखडतात. रात्री उशिरा पोचलात तर ह्यांचं ऐका, टॅक्सी करा.

तिकिटाचं सांगतो. आता क्यूआर छापलेलं कागदी तिकीट मिळतं, फोनवरही काढता येतं. ऑगस्ट २०२५ पासून भाडं कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये, विमानतळाच्या लाइनीचं वेगळं. रविवारी लांबच्या पल्ल्याला थोडं कमी पडतं. चार-पाच दिवस राहणार असाल तर स्मार्ट कार्ड घ्या, दर फेरीला १० टक्के सूट आहे. पण एका कार्डावर एकच माणूस. तिकीट तपासून आत-बाहेर सोडतं ते यंत्राचं फाटक, आणि "आम्ही पाच जणं एकत्रच आहोत" हे त्या फाटकाला समजत नाही.

आणि तिकीट सांभाळा, कारण आत जाताना दाखवायचं तसंच बाहेर पडतानाही दाखवायचं असतं. आपल्याकडे लोक काय करतात ते मी आयुष्यभर पाहिलंय : तिकिटाची गुंडाळी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचतात. मीही तेच केलं. उतरल्यावर फाटकाशी गुंडाळी उलगडली तर क्यूआरवर बरोबर मधोमध घडी, आणि मे महिन्याचा घाम. तीनदा काचेवर टेकवलं, तांबडा दिवा. मागं रांग. मागचा एक पोरगा म्हणाला, "अंकल, सीधा करके लगाओ." एकोणतीस वर्षांत लाखभर तिकिटं मी सरळ करून तपासली असतील! शेवटी काउंटरवरच्या मुलीनं तो कागद टेबलावर तळहातानं इस्त्री केल्यासारखा सपाट केला, तेव्हा सुटलो.

अर्धं तिकीट नाही. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं पोर मोठ्यांबरोबर फुकट, त्याहून उंच असेल तर पूर्ण तिकीट. चार वर्षांचा मुलगा बहुतेक ९० च्या वर गेलेला असणार, दारामागे उभा करून मोजून बघा. मला हा नियम मनापासून आवडला. वयावरून कंडक्टरनं किती भांडणं ऐकायची? पोरगा दुसरीचं पुस्तक वाचतोय आणि आई म्हणतेय पाच पूर्ण नाहीत!

ज्येष्ठांना भाड्यात सवलत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. राखीव जागा मात्र आहेत. कुणी बसलेला असेल तर हक्कानं उठवा, दिल्लीवाले सांगितल्याशिवाय उठत नाहीत पण सांगितलं तर कुरकुर न करता उठतात. जाण्याच्या दिशेनं पहिला डबा बायकांचा असतो, २०१० पासून. तुम्ही तिघी त्यात बसा, ह्यांना दुसऱ्या डब्यात उभं राहू द्या. डबे आतून जोडलेले असल्यानं एकमेकांना दिसता. सामान यंत्रातून जातं, अंगाची तपासणी होते, त्याला बायकांची रांग वेगळी. खाजे, लाडू बरोबर न्या, पण गाडीत पिशवी सोडू नका, खायला मनाई आहे.

सरकत्या जिन्यावर सासूबाईंना नेऊ नका. आमची ही पहिल्यांदा त्या जिन्यापाशी उभी राहिली ती निऱ्या मुठीत धरून, एक पाय उचललेला, समुद्रात उतरावं की नाही अशा थाटात. माणसं दोन्ही बाजूंनी पुढं जात होती. पाच मिनिटांनी मला म्हणाली, "तू जा, मी इथंच राहते." लिफ्ट असते. कोपऱ्यात असते, शोधावी लागते, पण असते.

एक गोष्ट घरातच ठरवून निघा. दारं कुणासाठी थांबत नाहीत. कुणी मागं राहिलं, तर जो गाडीत आहे त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं, आणि जो मागं राहिला त्यानं पुढच्या गाडीनं तिथं यायचं. दोघांनीही परत फिरायचं नाही, नाहीतर दिवसभर एकमेकांना ओलांडत बसाल. मुलीला हे पाठ करून घ्यायला सांगा, ती सगळ्यांना सांभाळेल.

लाल किल्ल्याला जाताना नवे लोक राजीव चौकला गाडी बदलतात. तुम्ही नका बदलू, तिथली संध्याकाळची गर्दी म्हणजे शिगम्याची मिरवणूक. दोन स्टेशनं पुढं मंडी हाउसला उतरा, जांभळी लाइन घ्या, कश्मीरी गेटच्या बाजूची. चौथं स्टेशन लाल किला. सोमवारी किल्लाही बंद आणि अक्षरधामही, तो दिवस बाजारासाठी ठेवा. कुतुबमिनार स्टेशनच्या नावावर फसू नका, तिथून मिनारपर्यंत रिक्षा करावी लागते.

शेवटचं म्हणजे गेट. एका स्टेशनला चार-चार, सहा-सहा गेटं असतात. चुकीच्या गेटानं वर आलात तर समोर रुंद रस्ता, मध्ये लोखंडी कठडा, आणि तुमचं लॉज पलीकडे दिसतंय पण जाता येत नाही. लॉजवाल्याला आजच फोन करा आणि पत्त्याबरोबर गेट नंबर विचारून लिहून घ्या.

प्रश्न : काका, मोपाहून विमानानं दिल्लीला मित्राकडे जातोय. विमानतळावरून मेट्रो आहे का? आणि बरोबर फेणी आहे, मेट्रोत चालते का?
– एक तरुण, म्हापसा

उत्तर : आधी तिकिटावर टर्मिनल बघ. टर्मिनल ३ ला उतरलास तर एअरपोर्ट एक्स्प्रेस, नवी दिल्ली स्टेशनला वीसेक मिनिटांत नेते. टर्मिनल १ ला उतरलास तर तिथलं स्टेशन वेगळं आणि लाइनही वेगळी, मॅजेंटा. परतीच्या दिवशी हे चुकलं तर विमान चुकेल.

फेणीचं म्हणशील तर जून २०२३ पासून दिल्ली मेट्रोत माणशी दोन सीलबंद बाटल्या नेऊ देतात. सीलबंद, बरं का. काकाच्या भट्टीतली, पाण्याच्या बाटलीत भरून वर प्लास्टिक बांधलेली असेल तर ती घरीच राहू दे. शिवाय मेट्रोनं हो म्हटलं म्हणजे अबकारी खात्यानं म्हटलं असं होत नाही, तेव्हा दुकानाची पावती जवळ ठेव. आणि मित्राला भेटायच्या आधी उघडू नकोस.

प्रश्न : गोव्यात मेट्रो कधी येणार?
– एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : मला विचारशील तर आधी रात्री आठनंतरची बस येऊ दे. पण तू मडगावचा आहेस म्हणून सांगतो. दिल्ली मेट्रो ज्यांनी उभी केली ते ई. श्रीधरन त्याआधी आपल्या कोकण रेल्वेचे प्रमुख होते. आणि तुझ्या गावात, तुझ्या जन्माआधी, कोकण रेल्वेनं स्कायबस करून पाहिली होती. वर रूळ, खाली लटकलेला डबा. २००४ मध्ये चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला, आणि ते काम तिथंच थांबलं. नुसते खांब बरीच वर्षं उभे होते. आम्ही त्यांच्याजवळून गाडी न्यायचो तेव्हा पर्यटक विचारायचे, हे काय? काय सांगणार!

मेट्रोच बघायची तर पुण्याला जा. पणजीहून रात्रीची गाडी पकडलीस तर सकाळी स्वारगेट, आणि स्वारगेटलाच जमिनीखाली मेट्रो आहे. तिकीट घड्याळात खोचू नकोस म्हणजे झालं.