व्याही फटाकेवाले, आणि ४ जुलै

प्रश्न : माझी लेक टेक्सासला, सॅन अँटोनियोजवळ असते. जावई तिथलाच, घरचा धंदा फटाक्यांचा. यंदा आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. ४ जुलै त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्यात फटाकेवाल्यांचं घर, म्हणजे थाट असणारच, असं धरून मी पुरणपोळीचा बेत सांगितला. तर लेक म्हणते, "आई, त्या दिवशी घरी कुणी नसतं. तुम्ही १० तारखेनंतर या." आम्ही त्यांना नकोसे आहोत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मनाला लावून घेऊ नका. माझ्या सासरीही हाच धंदा, तोही टेक्सासातच. दिवाळीत मिठाईवाल्याच्या घरचा फराळ कधी होतो, ते आठवा!

तिकडे उन्हाळ्यातली फटाक्यांची किरकोळ विक्री २४ जूनला सुरू होते आणि ४ जुलैच्या मध्यरात्री बंद. बहुतेक शहरांत फटाक्यांना बंदी, म्हणून स्टॉल हद्दीबाहेर, हायवेच्या कडेला. माल सोडून जाता येत नाही, त्यामुळे पुष्कळ कुटुंबं स्टॉलमागे राहायची गाडी उभी करून तिथंच झोपतात. ४ तारखेला तर रात्री ११ लाही गिऱ्हाईक येतं आणि "यातलं सगळ्यात उंच कुठलं जातं?" विचारतं. आम्ही उभ्याउभ्या सँडविच खात उत्तर देतो.

जूनमध्ये व्याही फोनवर तुटक बोलले, तर तेही मनावर घेऊ नका. दुष्काळ वाढला की काउंटीला (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याला) काडीवाल्या रॉकेटवर बंदी घालता येते, आणि या हंगामापुरता तो निर्णय १५ जूनच्या आत व्हावा लागतो. त्या पंधरवड्यात माझे सासरे पेपर वाचत नाहीत, ढग वाचतात.

आमचा स्वातंत्र्यदिन ५ तारखेला. सकाळी उरलेला माल मोजून घाऊक व्यापाऱ्याकडे परत (विकेल तेवढ्याचेच पैसे द्यायचे, असा व्यवहार असतो), मग दुपारपर्यंत झोप. संध्याकाळी ग्रिल पेटतं. सासूबाईंचं बटाट्याचं सॅलड, माझी काकडीची कोशिंबीर. मोठे शेल (उंच जाऊन आकाशात फुटणारे) आमच्यात कुणी मागत नाही, आठवडाभर त्यांचंच वर्णन करून घसा बसलेला असतो. भुईनळे आणि फुलबाज्या, बस्स. तेही स्टॉलपासून लांब जाऊन, कारण फटाके विकतात किंवा साठवतात तिथून १०० फुटांत आणि शाळा, चर्च, दवाखान्यापासून ६०० फुटांत उडवायला कायद्यानं मनाई आहे. सासरे टेप आणत नाहीत, पावलं मोजतात. पण मोजतात.

आणि तारखेचं म्हणाल, तर फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलै १७७६ ला. ४ तारखेला जाहीरनामा. स्वातंत्र्यलढ्यातले एक नेते जॉन अ‍ॅडम्स यांनी ३ तारखेला बायकोला लिहिलेल्या पत्रात, पुढच्या पिढ्या २ जुलैला रोषणाई करून सण साजरा करतील, असं म्हटलं होतं. आमचे सासरे म्हणतात, अ‍ॅडम्स दोन दिवस आधी, आपण एक दिवस उशिरा, चालायचंच.

तुम्ही मात्र १० तारखेपर्यंत थांबू नका. लेकीला सांगा, पाहुणचार नको, आम्ही डबा पोचवायला येतो. विहीणबाईंना त्या दहा-बारा दिवसांत आयतं जेवण हातात देणारं माणूस सोन्याहून प्यारं! पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून द्या, एका हातानं खाता येते. स्टॉलमध्ये उभं राहायचा हट्ट धरू नका, तिथला उकाडा आपल्या वयाला झेपत नाही. पुरणपोळी ५ तारखेच्या रात्री. चणाडाळ तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळते, बॅगेत भरू नका.

तिकीट तेवढं २३ जूनच्या आत पोचाल असं काढा. २४ ला स्टॉल उघडला की विमानतळावर घ्यायला यायला त्या घरात कुणी मोकळं नसतं.