रंगाच्या पाण्यातला रेणू

प्रश्न : सर, अक्कलकोट रोडला आमचा चादरींच्या सुताचा रंगाई कारखाना आहे. सांडपाण्यात उरलेला रंग ‘मेटामटेरियल’च्या चिपवर ओळखता येतो, असं मुलगी म्हणते. खरंच का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरं आहे. मुलगी चांगलं वाचते, तिला थांबवू नका.

मेटामटेरियल म्हणजे सूक्ष्म रचनेमुळे वेगळे गुण मिळालेला कृत्रिम पदार्थ. त्याच्या चिपवर सोन्याच्या हजारो सूक्ष्म कड्या कोरलेल्या असतात. प्रत्येक कडीला एक फट. कडी कॉइलचं काम करते, फट कपॅसिटरचं, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागाचं. त्यामुळे प्रकाशाच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच रेझोनन्स होतो, म्हणजे कडी जोरात प्रतिसाद देते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी अशा कड्यांची कल्पना १९९९ मध्ये मांडली. सगळी करामत त्या फटीत आहे. विद्युतक्षेत्र तिथंच एकवटतं, म्हणून रेणू तिथं बसला की कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) वाढतो आणि फ्रिक्वेन्सी खाली घसरते.

पण एवढ्यानं काहीतरी आलं इतकंच कळतं. कोण आलं, ते नाही. त्यासाठी कडीचा रेझोनन्स रेणूच्या स्वतःच्या कंपनाशी जुळवावा लागतो. तुमच्या सुती मालाच्या रिअॅक्टिव्ह रंगांत सल्फोनेट गट (गंधक आणि ऑक्सिजनच्या अणूंचे गट) असतात. ते साडेआठ-साडेनऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, शोषतात. कडी तिथं जुळवली, की एरवी न दिसणारी ती खूण ठळक होते.

अडचण पाण्याचीच! पाणी स्वतः इन्फ्रारेड भरपूर शोषतं. म्हणून नमुना बहुधा वाळवून किंवा अगदी पातळ थरात तपासतात. रोजच्या कामाला मात्र तुमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) आणि सीओडी (पाण्यातल्या प्रदूषकांना लागणारा ऑक्सिजन मोजणारी) चाचणीच ठेवा.