घरच्या बागेसाठी झुडपी गुलाबाच्या कोणत्या जाती निवडाव्यात? जागा कमी आहे आणि फवारणी करायची नाही.

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पुण्यात कंपाउंडच्या भिंतीलगत पंधरा फूट लांब, तीन फूट रुंद पट्टा आहे. सकाळपासून एकपर्यंत ऊन असतं. आधी लावलेली मोठ्या फुलांची कलमं दोन पावसाळ्यांत काड्या होऊन गेली. औषधं मारायची नाहीत, कारण घरात लहान मूल आहे आणि आईंना देवाला रोज फूल लागतं.

आधी थेट उत्तर देते. या पट्ट्यात चारच झाडं लावा: दोन गावठी गुलाब, एक चायना गुलाब (शक्यतो 'ओल्ड ब्लश') आणि चौथं खात्रीचं मिळालं तर 'नॉक आउट', नाहीतर 'आइसबर्ग'. झाडांमध्ये साडेतीन ते चार फूट अंतर ठेवा. सहा-सात बसवायचा मोह होईल, पण दाटी झाली की वारा खेळत नाही आणि पावसाळ्यात सगळ्यांचीच पानं जातात.

ही निवड करताना मी फुलाचा फोटो बघतच नाही. मी एवढंच विचारते की ऑगस्ट संपताना या झाडावर पानं किती असतात. आपल्याकडे गुलाब मरतो तो उन्हाळ्यात क्वचित, बहुतेक वेळा पावसाळ्यात. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं मिळालं की तिचे बीजाणू रुजतात, आणि पुण्याच्या भुरभुर पावसात पान दिवसदिवस वाळत नाही. मग ठिपके, पिवळेपणा, पानगळ. झाड फांदीत साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढतं, तीही झडते. असं दोन-तीनदा झालं की फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. तुमच्या काड्या झाल्या त्या अशाच. खत कमी पडलं म्हणून नव्हे.

ज्याचं पान टिकतं त्या झाडाला ऑक्टोबरात नुसती हलकी छाटणी पुरते आणि साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत ते भरून फुलतं. म्हणून पान आधी, फूल नंतर.

'नॉक आउट'ची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती नेमकी याच कसोटीतून जन्माला आली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये विल्यम रॅडलर यांनी ठिपके पडलेली पानं गोळा करून वाळवली, त्यांची भुकटी रोपांवर मुद्दाम टाकली आणि वरून तुषार सिंचनाने पानं ओली ठेवली. म्हणजे आपल्याकडे जे जुलैत आपोआप होतं ते त्यांनी हाताने घडवलं, आणि त्यातून जी तगली तीच पुढे नेली. २००० साली ही जात बाजारात आली. फूल साधं, चेरीसारखं लाल, पाकळ्या थोड्या आणि वास जवळजवळ नाही. ज्यांना गुलाब म्हणजे सुवास त्यांचा हिरमोड होईल. पण फवारणीशिवाय झुडूप हिरवं ठेवायचं तर इतकं भरवशाचं फारच थोडं आहे. आपल्याकडे ती सगळीकडे मिळत नाही आणि कुठलाही लाल झुपकेदार गुलाब त्या नावाने गळ्यात मारला जातो, म्हणून फुललेलं रोप बघूनच घ्या.

आता गावठी गुलाब, कारण आईंच्या पूजेसाठी खरं झाड हेच. 'गावठी' म्हणून दोन-तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. मी म्हणते आहे ते गर्द गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं, मध्यम आकाराचं, आणि अंगणात शिरताच वास येतो ते. आपण याचाच घरी गुलकंद घालतो. दक्षिणेत याच घराण्यातला गुलाब 'एडवर्ड' नावाने ओळखतात. हे घराणं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बों. तिथले शेतकरी कुंपणाला चायना आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा गुलाब पुढे आला. दमास्ककडून वास आला आणि चायनाकडून वर्षभर फुलण्याची सवय. उष्ण, दमट बेटावर जन्मलेलं झाड असल्यामुळे आपली हवा त्याला परकी वाटत नाही. पावसाळ्यात थोडी पानं गाळतं, पण गणपती उठेपर्यंत पुन्हा भरतं.

एक अडचण आहे ती सांगून ठेवते. याचं फूल झाडावर फार तर दोन दिवस टिकतं आणि दुपारी पाकळ्या सैल पडतात. पूजेसाठी सकाळी ऊन चढायच्या आधी, अर्धवट उमललेलं तोडायचं. दोन झाडं असली की हिवाळ्यात रोज हाताला काही ना काही लागतं. एकावर भागत नाही, म्हणून दोन सांगितली.

'ओल्ड ब्लश' हा चीनमधून गेलेला जुना गुलाब, इंग्लंडमध्ये १७९३ च्या सुमारास फुलला. चायना गुलाबांची रोपं तेव्हा कलकत्त्याच्या बागेमार्गे युरोपात जात, म्हणून तिकडे त्यांना 'बंगाल गुलाब' असंही नाव पडलं. फूल फिकट गुलाबी, ढिलं, वास अगदी मंद. कुंडीतल्या देखण्या कलमाशेजारी ठेवलं तर कोणी बघणारही नाही. पण याला हिवाळी विश्रांती लागत नाही, जवळपास बाराही महिने फुलं येत राहतात, आणि पेन्सिलीएवढी काडी पावसाळ्यात खोचली तरी रुजते. याचाच नातेवाईक 'म्युटाबिलिस'. त्याची एकेरी फुलं उमलताना पिवळसर असतात, मग गुलाबी, मग गडद लाल होतात, आणि एकाच झुडपावर तिन्ही रंग दिसतात. मिळाला तर जरूर घ्या, मात्र तो पाच-सहा फूट पसरतो, तेव्हा पट्ट्याच्या टोकाला लावा.

लाल आणि वासाचा हवा असेल तर 'ग्रुस आन टेप्लिट्झ' शोधा. १८९७ चा, रुडॉल्फ गेश्विंड यांनी तयार केलेला. फुलं किरमिजी, मान खाली घातलेली, वास मसालेदार. उत्तरेत आणि पाकिस्तानात जुन्या बागांत तो अजून भरपूर आहे. आपल्याकडे तुरळक दिसतो आणि मला याचं वाईट वाटतं, कारण उन्हाळा सोसणारा इतका सुगंधी लाल गुलाब दुसरा पटकन सांगता येत नाही.

'आइसबर्ग' १९५८ चा, जर्मनीच्या कॉर्डेस यांचा. कागदोपत्री तो फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यांनी फुलणाऱ्या गटातला आहे, पण वाढतो झुडपासारखा. काटे कमी, म्हणून लहान मूल असलेल्या घरी बरा. ठिपके त्याला पडतात, हे लपवत नाही. तरी पाऊस थांबल्यावर तो ज्या वेगाने सावरतो तो वेग मोठ्या फुलांच्या कलमांकडे नाही. चौथ्या जागेसाठी त्याला दुसरी पसंती दिली ती एवढ्यासाठी.

टाळायचं काय, तेही सांगते. नर्सरीत 'डच गुलाब' म्हणून जे मिळतं ते बहुतेक मावळ-तळेगावच्या पॉलिहाउसमधल्या कापणीच्या जाती. लांब दांडा आणि एक फूल यासाठी त्या घडवल्या आहेत. छपराखाली, ठिबकवर, ठरलेल्या फवारण्यांवर त्या छान चालतात. उघड्या पावसात त्यांच्याकडून अपेक्षा करणं त्या झाडावरच अन्याय आहे. युरोपचे जुने गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया यांना कडक थंडी लागते. आपल्याकडे पानं येतील, फूल बहुधा नाहीच. आणि डेव्हिड ऑस्टिन यांचे इंग्लिश गुलाब, ज्यांचे फोटो बघून जीव जातो. 'ग्रॅहम थॉमस' हा १९८३ चा पिवळा इंग्लंडात आटोपशीर झुडूप असतो, उष्ण हवेत मात्र आठ-दहा फुटी लांबलचक फांद्या टाकतो. कमानीवर चढवायला जागा असेल तर सुंदर. तीन फुटांच्या पट्ट्यात नको.

आपल्या हवेसाठी गुलाब घडवायचं काम आपल्या देशातही झालं आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल यांनी अनेक जाती काढल्या, त्यांतली 'दिल्ली प्रिन्सेस' मी आवर्जून सुचवते. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी 'रोझा क्लायनोफायला' हा आपला रानगुलाब संकरासाठी वापरला. तो बंगाल-बिहारकडे नदीकाठी वाढतो आणि पुराच्या पाण्यात बुडूनही तगतो. ज्याला पाण्याचं भय नाही अशा पूर्वजापासून बागेतला गुलाब घडवायचा, हा विचारच मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या जाती नेहमीच्या नर्सरीत सहज दिसत नाहीत. गुलाबप्रेमींच्या प्रदर्शनांत किंवा जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलात तर चौकशी करून ठेवा.

खरेदी सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला करा, पर्याय भरपूर आहेत. रोप उचललं की आधी मुळाशी बघा. बंगालकडून येणाऱ्या रोपांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. वरची माती कोकोपीटची दिसते आणि आत विटेसारखं कडक ढेकूळ. तसंच लावलं तर पाणी गोळ्याच्या बाहेरून वाहून जातं आणि मूळ आत कोरडं राहतं. बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बोटांनी हलकेच माती सोडवा, तंतुमुळं तुटू देऊ नका, मगच लावा. हे काम पाऊस ओसरल्यावर किंवा हिवाळ्यात करा, मेमध्ये करू नका.

दुसरं, सांधा बघा. डोळा भरलेलं कलम असेल तर जमिनीलगत जाडसर गाठ दिसते. गाठीच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा, तो मुळापासून ओढून काढायचा. इथे माळीकाका हमखास सांगतात की पाच पानांचं ते कलम आणि सात पानांचं ते रानटी. झुडपी गुलाबांत हा नियम चालत नाही. कित्येक चांगल्या जातींना सात पानंच असतात, आणि या नियमापायी चांगले फुटवे कापले जातात. पानं मोजू नका, फुटवा कुठून निघाला ते बोटाने चाचपून बघा. गावठी आणि चायना शक्यतो काडीपासून केलेलेच घ्या, म्हणजे खुंटाचा प्रश्नच उरत नाही.

भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा आणि चुना असतो. दीड फूट खोल खणून तो काढा आणि लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. काळी माती असेल तर पट्टा जमिनीपासून अर्धा फूट उंच करा, पाणी साचता कामा नये. झाडं भिंतीपासून निदान दीड फूट पुढे लावा.

पाणी सकाळी आणि मुळाशी. एप्रिल-मेमध्ये लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आला की मात्र सकाळीच पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोराचं पाणी मारा. उन्हात पान लगेच वाळतं आणि औषधाशिवाय कोळी आटोक्यात राहतो. पावसाळ्यात ठिपक्यांची गळलेली पानं रोज वेचून कचऱ्यात टाका, खतात नको.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पूर्वीच्या कलमांना गुडघ्याएवढं छाटत असाल, तसं यांना करू नका. वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा, उरलेल्या झाडाची उंची फार तर एक तृतीयांश कमी करा. पहिल्या वर्षी गावठीला कात्री लावूच नका, फक्त उतरलेली फुलं खुडत राहा. दुसऱ्या वर्षी बुंध्यातून जाड, लालसर फुटवे येतील, आणि झुडूप खरं त्यानंतर भरतं.