साठ ठिकाणी अर्ज केला, फोन एकच आला!

प्रश्न : ताई, मी चार वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय. दोन महिन्यांत साठेक ठिकाणी रेझ्युमे टाकला, इंटरव्ह्यूला बोलावणं आलं फक्त एक. मैत्रीण म्हणते सॉफ्टवेअरच रिजेक्ट करतं, माणूस बघतसुद्धा नाही. खरंय का? रेझ्युमे सोबत पाठवतेय, स्पष्ट सांगा.

उत्तर : अगं, सॉफ्टवेअरला इतकीही अक्कल नसते! ते बहुतेक ठिकाणी अर्ज साठवतं, त्यातला मजकूर वेगळा काढतं आणि एचआरवाल्यांना शोधायला सोपं करून देतं. आपोआप बाद होणं असतं ते जास्त करून ऑनलाइन फॉर्ममधल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभव किती वर्षं, शिफ्ट चालेल का वगैरे, तिथे घाईत चुकीचं टिक झालं की संपलं.

पण तुझ्या रेझ्युमेत एक गंमत झालीये. तो दोन कॉलमचा आहे ना, डावीकडे निळी पट्टी, मी त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघितला तर तुझा फोन नंबर तुझ्या पदाच्या मधोमध घुसलेला, आणि एक्सेलपुढे तू जे चार स्टार काढलेत ते गायबच. सॉफ्टवेअरला पण बऱ्याचदा असंच दिसतं. साधा एक कॉलम कर, पट्टी नको, स्टार तर नकोच (चार स्टार म्हणजे नेमकं काय येतं हे मलाही कळलं नाही).

आता माणसाचं. २०१८ मध्ये लॅडर्स या जॉब साइटने रेझ्युमे वाचताना एचआरवाल्यांची नजर कुठे जाते ते तपासलं होतं, पहिल्या नजरेला सरासरी ७.४ सेकंद निघाले. इतक्या वेळात नजर फिरते ती पदावर, कंपनीवर, तारखांवर. आणि तुझ्या पहिल्या पानावर सहा ओळी काय, तर आव्हानात्मक वातावरणात स्वतःला सिद्ध करण्याची इच्छा. हे सगळेच लिहितात गं, मी तर आता ते वाचतच नाही. खाली 'अकाउंट्सची सर्व कामे पाहिली', आणि महिनाअखेरचं क्लोजिंग तू आठ दिवसांवरून पाच दिवसांवर आणलंस ही सोन्यासारखी गोष्ट तिसऱ्या पानावर, छंदांच्या खाली! ती पहिल्या पानावर पाहिजे, कसं आणलंस त्या अर्ध्या ओळीसकट.

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार बघणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागायला पत्र लिहिलं, त्यात आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं, आणि चित्रकला शेवटी! कारण समोरच्याला गरज होती लढाईची. तू साठ ठिकाणी एकच फाइल पाठवलीस. जाहिरातीत 'बँक रिकन्सिलिएशन' (बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशेबाशी जुळवणं) मागितलंय आणि तू ते रोज करतेस, तर तोच शब्द वर दिसू दे. खोटं लिहू नको, फक्त क्रम बदल.

आणि साठातल्या काही जागा आतल्याच माणसाने भरलेल्या असतात, जाहिरात नुसती लटकत राहते. त्याला रेझ्युमे काय करणार.

प्रश्न : मधे आठ महिने घरी होतो, आजारपण. तारखा थोड्या ओढून गॅप झाकला तर चालेल?

उत्तर : नको हो. जुन्या कंपनीला फोन करून तारखा विचारतात, ऑफर हातात आल्यावर ती परत गेलेली मी बघितलीये. त्या गॅपमुळे नाही, खोट्यामुळे. 'आजारपणामुळे विश्रांती, आता पूर्ण बरा' एवढी एक ओळ टाका, आजाराचं नावसुद्धा द्यायची गरज नाही.

प्रश्न : फोटो लावायचा की नाही?

उत्तर : अमेरिका, ब्रिटनमध्ये अर्ज करणार असाल तर लावू नका, तिथे भेदभावाचा आरोप नको म्हणून कंपन्यांनाच तो नको असतो. जर्मनीत अजूनही बरेच जण लावतात. बाकी ठिकाणी मागितला तरच द्या, आणि लग्नातला कापून नको!