मुलीला अन्न-पाण्याच्या प्रश्नावर काम करायचंय, पण त्यात करिअर आहे का?

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. वर्षभरापासून नागनदीची सफाई, झाडं तोडण्याविरुद्धचे मोर्चे हेच चाललंय. आता म्हणते, 'पुढे जगात अन्नपाण्यावरून मारामाऱ्या होणार. मी नीट देणार नाही, पर्यावरणात काम करणार.' आम्ही सांगून थकलो, पण पोरगी ऐकूनच नाही राहिली. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. पण हिनं शेतीकडे वळावं असं आम्हाला वाटत नाही. – एक वडील, मानेवाडा, नागपूर

सप्रेम नमस्कार,

मुलगी म्हणते ते उगाच नाही. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, गव्हाचे भाव भडकले आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे 70 टक्के शेतीला जातं. म्हणजे अन्नाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. काटोल-नरखेडकडे बोअर किती खोल गेलेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

माझी अडचण तिच्या 'पर्यावरणात' या शब्दाशी आहे. पर्यावरण नावाची नोकरी नसते. नोकरी असते पाणी तपासणाऱ्याची, माती वाचणाऱ्याची, भूजल शोधणाऱ्याची, सांडपाण्याचा प्लांट चालवणाऱ्याची. म्हणून 'एन्व्हायर्नमेंट' असं नाव असलेली पदवी दिसली की लगेच प्रवेश घेऊ नका. आधी एक पक्की विद्या हाती येऊ द्या, स्पेशलायझेशन एम.टेक., एम.एस्सी.ला करता येतं.

यासाठी नागपूर सोडायची गरजही फारशी नाही. पहिली वाट पाणी शुद्ध करण्याची. भांडेवाडीचंच बघा. तिथं शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि पाइपलाइनने कोराडीच्या वीज केंद्राला जातं, रोज 13 कोटी लिटरची योजना आहे ती. तेवढं चांगलं पाणी वाचतं. असा प्लांट चालवायला सिव्हिल, केमिकलचे इंजिनिअर लागतात आणि प्रयोगशाळेत केमिस्ट लागतात. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची बीओडी चाचणी असते, तिच्यासाठी नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवून ऑक्सिजन किती खर्च झाला ते बघतात. काम कंटाळवाणं वाटेल, पण नदी साफ झाली की नाही हे या आकड्यावरूनच ठरतं, मोर्चातल्या फलकावरून नाही. (मोर्चे बंद करा असं मात्र मी म्हणत नाही.) पाण्याच्या संशोधनात पुढे जायचं असेल तर वर्धा रोडवर 'नीरी' ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहेच.

दुसरी वाट भूगर्भशास्त्राची, आणि ती आपल्याकडे फार कमी मुलं निवडतात. बी.एस्सी.ला जिऑलॉजी घ्यायचं, मग एम.एस्सी. करायचं. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, तिच्यातून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. जागा मोजक्याच निघतात, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरी वाट तुम्हाला नको असलेली, शेतीची. पण महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलं म्हणजे मुलगी औत धरणार असं नाही. अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे शास्त्रज्ञ खड्ड्यात उतरून मातीचे थर मोजतात, ढेकळाचा रंग रंगपत्रकाशी ताडून बघतात आणि त्या जमिनीत कोणतं पीक टिकेल ते सांगतात. त्याच रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. अंबिया बहारासाठी तुम्ही बागेचं पाणी तोडून ताण देता, तो किती दिवस द्यायचा आणि नंतर ठिबकने किती पाणी सोडायचं, हा तिथं संशोधनाचा विषय आहे. गणितात ती खरंच पक्की असेल, तर अकोल्याचं कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. मी सगळ्यात वर ठेवीन. मृद-जलसंधारण आणि सिंचन त्यात मुळापासून शिकवतात, आणि सरकारी खात्यापासून ठिबकच्या कंपन्यांपर्यंत दोन्हीकडे वाट उघडी राहते.

पगाराचं विचारायला तुम्ही संकोचलेले दिसता. सुरुवात डॉक्टरकीसारखी नसते. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे तसे अहवाल करणाऱ्या खासगी संस्थांमध्ये काम मिळतं. पण पहिली दोन-तीन वर्षं पैसे कमी आणि उन्हातलं फिरणं जास्त. सरकारी जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नाही. हे तिला आजच स्पष्ट सांगा. ते ऐकूनही ती ठाम राहिली, तर नीटसाठी जबरदस्ती करू नका.

आता लगेच करायचं ते एवढंच. राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेला पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (बायोलॉजीचा) हे दोन्ही गट भरा, एकही वाट बंद होणार नाही. नागपुरातल्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेचं सिव्हिल हवं असेल तर जेईई मेनही द्यावी लागेल. कृषीच्या प्रवेशात शेतकऱ्यांच्या मुलांना सातबाऱ्यावर जादा गुणांचं वेटेज मिळत आलंय. बाग अजून आजोबांच्या नावावर असेल तर तो सातबारा चालतो का, हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. फेरफार करायचा असेल तर तलाठ्याकडे आत्ताच जाऊन या. प्रवेश सुरू झाले की तिथं पाय ठेवायला जागा नसते.