आधी पद, मग उमेदवार

क्वीन्स, न्यूयॉर्क
18 मे 2025

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

शहराच्या प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, आपल्या भागातल्या मराठी ज्येष्ठांकरिता उमेदवारांची माहिती देणारी मार्गदर्शिका लिहायची आहे आणि ती मीच लिहून द्यावी, असे तू फोनवर म्हणालास. मी ती लिहिणार नाही. गेली काही वर्षे मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते, त्यामुळे कोणत्या उमेदवाराबद्दल काय वाटते हे चारचौघांत सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय हे काम तुझ्या वयाच्या माणसाने हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते कसे करावे याबद्दल मात्र मला बरेच सांगायचे आहे, कारण 2021 मध्ये मी स्वतः अशी एक मार्गदर्शिका लिहिली होती आणि ती चुकली होती.

तेव्हा मी प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकातली चार-पाच आश्वासने घेतली, त्यांचे मराठी केले आणि नावापुढे लिहून टाकली. सिटी कौन्सिलच्या एका उमेदवाराने बंद झालेली बस पुन्हा सुरू करण्याचे आश्वासन दिले होते, तेही मी जसेच्या तसे उतरवले. आपल्या इमारतीतल्या एका आजींनी तेवढ्या एका ओळीवर मत दिले, कारण ती बस त्यांना दवाखान्यात नेत असे. काही महिन्यांनी त्यांनी तो घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "बस कधी येणार?" शहरातल्या बसचे मार्ग आणि भाडे एमटीए ठरवते आणि एमटीए ही राज्य सरकारच्या अखत्यारीतली संस्था आहे. कौन्सिल सदस्य फार तर पत्र लिहू शकतो, सुनावणीत बोलू शकतो, पाठपुरावा करू शकतो. हे मला ठाऊक होते, पण मी ते लिहिले नव्हते. उमेदवार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याच्या इच्छेची आणि त्याच्या अधिकाराची सीमारेषा आखून देणे हे माझे काम होते आणि ते मी केले नाही, याची खंत मला अजून आहे.

म्हणून तुझ्या मार्गदर्शिकेत प्रत्येक पदाचे काम आधी येऊ दे आणि उमेदवारांची नावे त्यानंतर. आपल्या लोकांना 'मेयर' म्हटले की मुंबई-पुण्याचा महापौर आठवतो, ज्याच्याकडे मान असतो पण कारभार आयुक्तांच्या हाती असतो. इथला महापौर हाच कारभारी आहे. पोलीस, शाळा, अग्निशमन, कचरा ही सगळी खाती त्याच्या हाताखाली चालतात आणि शंभर अब्ज डॉलरहून मोठा अर्थसंकल्प तो मांडतो, जो 51 सदस्यांच्या कौन्सिलने संमत करायचा असतो. कंप्ट्रोलर शहराचे हिशेब तपासतो आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीच्या गुंतवणुकीवर देखरेख ठेवतो. पब्लिक ॲडव्होकेटला कौन्सिलमध्ये ठराव मांडता येतो पण मत देता येत नाही. तरीही महापौरपद अचानक रिकामे झाले तर तात्पुरता कारभार त्याच्याकडे जातो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बरो प्रेसिडेंटचा, म्हणजे क्वीन्ससारख्या शहराच्या एका विभागाच्या अध्यक्षाचा, अधिकार मुख्यतः सल्ल्याचा आणि नेमणुकांचा आहे, तेवढे एका ओळीत लिहिलेस तरी पुरे.

आता महापौरपदाच्या उमेदवारांची यंदाची चार आश्वासने घेऊन बघू. झोहरान ममदानी म्हणतात की भाडेनियंत्रित घरांचे भाडे गोठवू आणि बस मोफत करू. दोन्ही वाक्ये एका दमात येतात, पण त्यांची जात वेगळी आहे. भाडेवाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य महापौर नेमतो आणि बिल डी ब्लाझिओ महापौर असताना 2015 व 2016 मध्ये एक वर्षाच्या कराराची भाडेवाढ शून्य ठेवली गेली होती, म्हणजे पहिली गोष्ट महापौराच्या आवाक्यातली आहे. मात्र सदस्यांच्या मुदती ठरलेल्या असतात आणि घरमालकांचा वाढता खर्चही मंडळाला विचारात घ्यावा लागतो, हेही सोबत लिहायला हवे. दुसऱ्या गोष्टीसाठी एमटीएची संमती आणि पैसा हवा, आणि त्या पैशासाठी श्रीमंतांवर वाढीव कर लावायचा तर तो अधिकार ऑल्बनीचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा आहे. अँड्र्यू क्युओमो पाच हजार पोलीस वाढवू म्हणतात. ते अर्थसंकल्पातून करता येते, पण तेवढे पैसे कोणत्या खात्यातून येणार आणि भरतीला तेवढे लोक मिळणार का, हे प्रश्न उरतात. झेलनर मायरी दहा वर्षांत दहा लाख घरांची योजना मांडतात. त्यात जिथे जमिनीच्या वापराचे नियम बदलावे लागतील, तिथे कौन्सिलची मंजुरी लागेल, आणि एखाद्या भागातल्या बांधकामावर त्या भागाच्या सदस्याचा शब्द सहसा मोडायचा नाही, असा कौन्सिलमध्ये प्रघात आहे.

यावरून 'अधिकार नाही, म्हणजे आश्वासन पोकळ' असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. डी ब्लाझिओंनी बालवाडी सर्वांना मोफत देण्यासाठी श्रीमंतांवर कर मागितला होता. 2014 मध्ये ऑल्बनीने तो कर नाकारला, पण शहराच्या बालवाड्यांसाठी वर्षाला तीस कोटी डॉलर दिले आणि योजना उभी राहिली. तेव्हा राज्याचे गव्हर्नर क्युओमो होते, जे आज स्वतः महापौरपदासाठी उभे आहेत. महापौराने लोकांचा रेटा मागे उभा करून राज्याकडून काही मिळवणे शक्य असते. म्हणून प्रत्येक मोठ्या आश्वासनापुढे तू एवढेच लिही: हे स्वतःच्या सहीने होणार आहे, कौन्सिलच्या मताने, की ऑल्बनीच्या मर्जीने. ज्याला मत द्यायचे आहे तो पुढचा विचार स्वतः करेल. आपले ज्येष्ठ त्या बाबतीत कच्चे नाहीत.

मतदानाची पद्धत समजावताना परकी उदाहरणे शोधू नकोस. तुझ्या मार्गदर्शिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेले असेल. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनने नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे, कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर सर्वांत मागचा उमेदवार बाद करायचा आणि त्याची मते पुढच्या पसंतीला द्यायची, ही रीत त्यांच्या परिचयाची आहे. न्यूयॉर्कने 2019 च्या सार्वमतात स्वीकारलेली आणि 2021 पासून वापरात आणलेली पद्धत मूलतः तीच आहे. फरक असा की इथे आकडा लिहायचा नसतो. डावीकडे एकाखाली एक नावे असतात, प्रत्येक नावापुढे लंबगोलांचे पाच रकाने असतात आणि पहिल्या रकान्यात पहिली पसंती, दुसऱ्यात दुसरी, असे काळे करत जायचे असते. हे शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून एक पान रिकाम्या जाळीसाठी ठेव आणि लोकांना पेन्सिलने भरून बघू दे.

केंद्रावर मी दोन चुका पुन्हा पुन्हा पाहते. एक म्हणजे पाचही रकान्यांत एकाच नावापुढचे गोल भरणे. अशा माणसाला वाटते की आपण उमेदवाराला पाच मते दिली, पण ते एकच मत धरले जाते आणि चार पसंती वाया जातात. पुण्यात एका प्रभागात चार नगरसेवकांसाठी चार बटणे दाबायची सवय असलेल्यांचा हा घोटाळा विशेष होतो. दुसरी चूक म्हणजे एकाच रकान्यात दोन नावांपुढे खूण करणे. त्या पसंतीपासून पुढे मत मोजले जात नाही. यंत्र अशा वेळी सूचना देते, तेव्हा घाबरून 'पुढे जा' न दाबता नवी मतपत्रिका मागावी, हे ठळक अक्षरांत लिही. मागितल्यावर ती मिळते.

आणि पाच पसंती भरणे का महत्त्वाचे आहे, हे 2021 च्या आकड्यांनी सांग. डेमोक्रॅटिक पक्षाच्या महापौरपदाच्या प्रायमरीत शेवटच्या फेरीत एरिक ॲडम्स यांनी कॅथरीन गार्सिया यांना केवळ 7,197 मतांनी हरवले. त्याच वेळी सुमारे 1,40,000 मतपत्रिका त्या फेरीपर्यंत मोजणीतून गळून पडल्या होत्या, कारण त्यांच्यावर या दोघांपैकी एकाचेही नाव नव्हते. त्यातल्या काही लोकांना दोघेही नको असतील आणि तो त्यांचा हक्कच आहे, पण पसंती पुढे नेता येते हे ज्यांना कोणी समजावलेच नाही, असे लोकही त्यात असणार. यंदा डेमोक्रॅटिक पक्षाच्या महापौरपदाच्या मतपत्रिकेवर अकरा नावे आहेत. मनापासून आवडणारा उमेदवार पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि ज्यांच्यात अंतिम सामना होण्याची शक्यता आहे त्यांच्यापैकी चालेल असा एकजण खाली कुठेतरी असू द्यावा, इतका सल्ला कोणाची बाजू न घेता देता येतो.

प्रायमरी म्हणजे काय, हेही एका परिच्छेदात सांगावे लागेल. आपल्याकडे पक्षश्रेष्ठी तिकीट देतात आणि एबी फॉर्म हातात पडेपर्यंत इच्छुकांचा जीव टांगणीला असतो. इथे ते तिकीट पक्षात नोंदलेले मतदार देतात. न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले मतदार रिपब्लिकनांच्या कित्येक पट असल्याने बहुतेक जागांचा निकाल जूनमध्येच लागल्यात जमा असतो आणि नोव्हेंबरची निवडणूक अनेकदा उपचारापुरती उरते. पण ज्यांनी नोंदणी करताना पक्षाचा रकाना कोरा ठेवला, त्यांना या निवडणुकीत मत नाही आणि पक्ष बदलण्याची मुदत 14 फेब्रुवारीलाच संपली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी 'राजकारण नको' म्हणून तो रकाना कोरा ठेवला आहे. त्यांना हे आत्ताच स्पष्ट सांग, म्हणजे ते 24 जूनला रांगेत उभे राहून हिरमुसले होऊन परत जाणार नाहीत. मात्र ज्यांना नुकतेच नागरिकत्व मिळाले आहे आणि ज्यांनी कधीच नोंदणी केलेली नाही, त्यांना 14 जूनपर्यंत पक्षासह नवी नोंदणी करता येते. अशी आपल्या भागात तीन-चार घरे तरी मला माहीत आहेत. त्यांच्याकडे तू स्वतः जा.

माहिती कुठून घेशील? शहराचे कॅम्पेन फायनान्स बोर्ड घरोघरी जी मार्गदर्शिका पाठवते ती वाच, पण त्यातली निवेदने उमेदवारांनी स्वतः लिहिलेली असतात हे विसरू नकोस. मला त्या बोर्डाकडची देणग्यांची नोंद अधिक मोलाची वाटते. शहरातल्या रहिवाशाने महापौरपदाच्या उमेदवाराला दिलेल्या पहिल्या 250 डॉलरवर, उमेदवार त्या योजनेस पात्र ठरला असेल तर, सार्वजनिक निधीतून आठपट रक्कम मिळते, म्हणजे दहा डॉलरचे नव्वद होतात. कौन्सिलच्या उमेदवाराला हा निधी मिळवण्यासाठी स्वतःच्या मतदारसंघातले किमान 75 देणगीदार दाखवावे लागतात. कोणाला शेजारच्या गल्लीतून दहा-दहा डॉलर आले, कोणाला शहराबाहेरून मोठ्या रकमा आल्या आणि कोणासाठी बाहेरच्या गटांनी परस्पर जाहिराती केल्या, हे सगळे तिथे उघड दिसते. विद्यमान कौन्सिल सदस्याच्या बाबतीत एक काम आणखी कर. आपल्याकडच्या नगरसेवक निधीसारखा त्यांनाही संस्थांना वाटायला निधी असतो आणि त्याची यादी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध होते. ती बघितली की पत्रकातले शब्द आणि चार वर्षांतला व्यवहार यांतले अंतर कळते.

एक नाजूक गोष्ट. यंदा महापौरपदासाठी ममदानी आणि पब्लिक ॲडव्होकेटसाठी जेनिफर राजकुमार, अशी भारतीय वंशाची दोन नावे मतपत्रिकेवर आहेत. कोणी 'आपला माणूस' म्हणून मत द्यायला सांगेल, तर कोणी धर्मावरून देऊ नका म्हणेल. गेल्या महिन्यात एका घरगुती जेवणात मी दोन्ही ऐकले आणि दोन्हीचे मला वाईट वाटले. तुझ्या मार्गदर्शिकेत सर्वांना सारख्या ओळी, सारखे प्रश्न आणि नावांचा क्रम मतपत्रिकेवर असेल तोच ठेव. एखाद्या उमेदवाराबद्दल लिहिताना तुझा हात अधिक सैल सुटतो आहे असे वाटले, तर त्या उमेदवाराच्या विरोधकाला मत देणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला तो मजकूर वाचायला दे.

क्वीन्समध्ये मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगालीत मिळते, मराठीत नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना मदतीसाठी स्वतःच्या पसंतीचा माणूस मतदानाच्या जागेपर्यंत सोबत नेता येतो, फक्त तो त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा. नातवंड चालते. हे ऐकल्यावर 2021 मध्ये दोन आजोबा पहिल्यांदाच मतदानाला आले होते. केंद्राच्या शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही, तेव्हा मार्गदर्शिका तिथे वाटू नकोस, घरी नेऊन दे.

पहिला मसुदा मे महिना संपायच्या आत पाठव. मी त्यात नावांवर नाही, पदांच्या अधिकारांवर खुणा करून परत देईन. त्या बसवाल्या आजींनाही एक प्रत द्यायची आहे, त्यांच्यासाठी अक्षर मोठे ठेव. 14 ते 22 जून लवकर मतदान आहे, त्या दिवसांत कोणाला सोबत हवी असेल तर तुझी गाडी लागेल. 24 तारखेला मी पहाटे पाचपासून केंद्रावर असेन आणि रात्री नऊला मतदान संपेपर्यंत फोन उचलता येणार नाही, म्हणून ज्या शंका असतील त्या आदल्या रात्रीपर्यंत विचारून घे.

तुझी,
काकू