परक्या मुलखावरची लढाई सरकारं आपल्याच लोकांच्या गळी कशी उतरवतात?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्याचा देश बळकवायची लढाई सरकारं स्वतःच्या लोकांना पटवतात तरी कशी. मी काही इतिहासाचा मास्तर नाही, कोल्हापूरचा साधा माणूस, पण याचं एक उत्तर आमच्या घरातच पडून आहे ते सांगतो.

आज्जीचे वडील पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतनं बसऱ्याला, म्हणजे आताच्या इराकात, गेलेले. त्यांचं पदक गावाकडं ट्रंकेत आहे, पुढं पंखवाली बाई, कडेला त्यांचं नाव आणि नंबर अगदी बारीक कोरलेला. लहानपणी आम्ही ती बाईच बघत बसायचो. कॉलेजात असताना एकदा आज्जीनं तांब्याची भांडी चिंचेनं घासायला काढली म्हणून मी ते पदकपण घासलं, तर मागं इंग्रजी अक्षरं निघाली, अर्थ असा की 'सभ्यतेसाठीचं महायुद्ध, १९१४ ते १९१९'. ज्या माणसाला सही येत नव्हती, जो आयुष्यभर अंगठा उठवत आला, त्याच्या छातीवर सरकारनं हे लावून पाठवलं आणि त्याला ते वाचतापण आलं नसणार. मला लई वाईट वाटलं त्या दिवशी.

आता ती सभ्यता बघा. मार्च १९१७ ला ब्रिटिश फौज बगदादमध्ये शिरली आणि जनरल मॉडच्या नावानं जाहीरनामा निघाला, आम्ही जिंकायला नाही तुम्हाला सोडवायला आलोय. लिहिला कुणी? मार्क साईक्स ह्या ब्रिटिश मुत्सद्द्यानं. ह्याच साईक्सनं १९१६ मध्ये फ्रान्सच्या पिकोबरोबर बसून तो सगळा मुलूख नकाशावर वाटून घेतला होता! पुढं १९२० ला इराकी लोक उठले तर त्यांच्यावर विमानातनं बाँब टाकले, आणि खाली लढायला आपलेच हिंदुस्थानी शिपाई.

खोट्या बातम्या वगैरे असतातच, पण माझ्या मते निम्मं काम नुसत्या नावानं होतं. डचांनी १९४७ आणि १९४८ ला इंडोनेशियावर फौज घातली, नाव दिलं 'पोलीस कारवाई'. फ्रान्स अल्जेरियात १९५४ ते १९६२ लढलं आणि त्याला कायद्यानं युद्ध म्हणायला १९९९ उजाडलं. पोलीस म्हटलं की समोरचा आपोआप गुन्हेगार ठरतो, मग घरी पेपर वाचणारा कशाला विचारतोय की आपली पोरं तिथं करतायत काय.

आणि हे लांबचंच आहे असं नाही बरं का. १८४४ ला आमच्या कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी बसवलेल्या दाजी पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ले राखणाऱ्यांच्या, पिढीजात जमिनींना हात लागला म्हणून सामानगड, भुदरगडचे गडकरी उठले, ते लोण पन्हाळ्यापर्यंत आलं, इंग्रजांनी तोफा लावून मोडलं आणि कागदावर लिहिलं 'बंड'. आपणपण अजून तेच म्हणतो, गडकऱ्यांचं बंड. बंड म्हणजे मालकाविरुद्ध उठणं, आणि हितं मालक कोण होता?

पन्हाळ्याला पाहुणे आले की मी त्यांना इंग्रजांनी पाडलेला चार दरवाजा दाखवतो आणि आता 'गडकऱ्यांचा उठाव' असंच सांगतो.